कमरेचा दमसास

बदलापूर लोकलच्या बाकावर तिघांची जागा असते आणि चौघं बसतात. चौथ्याच्या जागेला सगळे 'फोर्थ सीट' म्हणतात. गर्दीच्या वेळी ती मिळाली तरी माणूस समाधानाने सुस्कारा सोडतो. पण एकदा त्या चौथ्या माणसाकडे नीट बघा. त्याची अर्धीच बैठक बाकावर टेकलेली असते. एक पाय बाकासमोर, दुसरा मधल्या वाटेत रोवलेला. पाठ टेकायची फळी तिसऱ्याच्या खांद्याआड गेलेली. मांडीवर बॅग, बॅगेवर मोबाइल, मान खाली. गाडी हेलकावा खाते तेव्हा तो काही धरत नाही, धरायला काही नसतंच. तरी तो पडत नाही. तो कुठलंही ओझं उचलत नसतो, घाम गाळत नसतो, बघणाऱ्याला वाटतं निवांत बसलाय. प्रत्यक्षात त्याच्या कमरेचे स्नायू घाटकोपरपासून अंबरनाथपर्यंत एक क्षणही सुटी न घेता काम करत असतात.

मी एकवीस वर्षं हा प्रवास केला. मुंबईच्या सीएसएमटीपासून उल्हासनगर साधारण ५८ किलोमीटरवर, अंबरनाथ ६० वर आणि बदलापूर ६८ वर. एका बाजूला दीड तास तरी धरायचाच, आणि गाड्या उशिरा धावत असल्या की किती ते सांगता येत नाही. सकाळी बसायला मिळावं म्हणून अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं आधी उलट्या दिशेने बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून परत जातात. याला 'डाऊन करणं' म्हणतात. म्हणजे जागेसाठी बसण्याचा वेळ आणखी वाढवायचा. लेडीज डब्यात गवार-घेवडा निवडणाऱ्या बायका मांडीवर पिशवी घेऊन पुढे झुकलेल्या असतात, त्या घरी पोचतात तेव्हा भाजी तयार असते आणि कंबर धरलेली असते.

जे गाडीत चढत नाहीत त्यांचीही कंबर सुटलेली नाही. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. तिथल्या माणसांनी हाताच्या कामावर गाव उभं केलं. आज तिथे जीन्स शिवणारा कारागीर दिवसभर मशीनवर पुढे वाकलेला असतो, फर्निचर बाजारातला सुतार उकिडवा बसून पॉलिश मारतो, हमाल कपाट पाठीवर घेऊन जिना चढतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत कामगार यंत्रासमोर आठ-आठ तास उभा राहतो. या सगळ्यांची कामं वेगळी आहेत, पण संध्याकाळची तक्रार एकच असते: कंबर भरून आली.

माझी कंबर गाडीत गेली नाही. ती गेली मोरीत. पहाटे पाणी यायची वेळ होती, ड्रमखालची भरलेली बादली सरकवायला वाकले आणि चमक भरली. उसण. ज्याला उसण भरली आहे त्याला तिचं वर्णन सांगायला लागत नाही. सरळ होता येईना, खाली बसता येईना, श्वास घेतला तरी कळ. सासूबाईंनी शेजारच्या चाळीतून एका मुलाला बोलावून आणलं. तो पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण जाते अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. त्या पोराने लाजत लाजत तीनदा पाय लावला. चार दिवसांनी मला बरं वाटलं, आणि श्रेय त्याला मिळालं.

पाय न लावताही मला बरं वाटलं असतं. कमरेचं अचानक उठलेलं साधं दुखणं बहुतेकांचं काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्या काळात जो कोणी उपाय केला असेल, मग तो लेप असो, मालिश असो, गोळी असो की पायाळूचा पाय, त्याच्या नावावर यश जमा होतं. इथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. दुखणं गेलं म्हणजे कंबर पूर्ववत झाली असं आपण धरून चालतो, आणि वर्षाच्या आत पुन्हा उसण भरते. मला सात महिन्यांनी भरली.

असं का होतं याचं मला पटलेलं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या संशोधकांनी शोधलं. ज्युली हाइड्स, ग्वेंडोलिन जल आणि कॅरोलिन रिचर्डसन या तिघी फिजिओथेरपिस्ट. पहिल्यांदाच कंबर दुखू लागलेल्या रुग्णांच्या पाठीतला 'मल्टिफिडस' नावाचा स्नायू त्यांनी सोनोग्राफीवर मोजला. हा स्नायू मणक्याला अगदी चिकटून असतो. त्याचे छोटे छोटे पेड एका मणक्यावरून निघून खाली दोन-चार मणके सोडून जोडलेले असतात, वेणी घातल्यासारखे. ज्या बाजूला आणि ज्या मणक्यापाशी दुखत होतं, तिथेच हा स्नायू बारीक झालेला दिसला. आणि १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं की दुखणं थांबून, माणूस रोजच्या कामाला लागूनसुद्धा तो स्नायू आपोआप पुन्हा भरत नाही. दहा आठवड्यांनी मोजला तरी बारीकच. ज्यांनी त्या स्नायूचा ठरावीक व्यायाम केला त्यांचा भरला. पुढे वर्षभराने चौकशी केली तेव्हा व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली होती, न केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांची. रुग्ण फक्त ३९ होते, म्हणून या आकड्यांना ब्रह्मवाक्य मानू नये. पण दुखणं गेलं आणि स्नायू मात्र मागे राहिला, ही गोष्ट मला माझ्या सात महिन्यांसकट समजली.

आता हा स्नायू करतो काय? पाठीचा कणा खांबासारखा आहे असं आपण समजतो. तसा तो नाही. १९६१ मध्ये लुकास आणि ब्रेसलर यांनी मृतदेहातला कणा घेऊन, त्याचे सगळे स्नायू काढून, फक्त हाडं, चकत्या आणि बंध ठेवून त्याच्यावर भार दिला. सुमारे दोन किलोच्या भाराला तो बाजूला कलंडला. कमरेचे पाच मणके तेवढे घेतले तर ते नऊ-एक किलोपर्यंत तग धरतात. आपलं डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या निम्म्याहून जास्त वजन त्या पाच मणक्यांवर असतं. म्हणजे उरलेलं सगळं काम स्नायूंचं. छावणीतल्या तंबूचा खांब जसा चारी बाजूंच्या ताणलेल्या दोरांनी उभा राहतो, तसा कणा उभा आहे. मागे मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी धावणारे जाड दोरखंड, त्यांच्या आत मल्टिफिडस, कुशीत बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत एक चौकोनी स्नायू, पुढे पोटाचे थर, खाली नितंबाचे दणकट स्नायू. एक दोर ढिला पडला की खांब कलतो, आणि मग उरलेले दोर त्याला सावरायला नको तितके ताणले जातात. ती ताणाताण म्हणजेच संध्याकाळी भरून आलेली कंबर.

इथे बहुतेकांचा समज चुकतो. कंबर दुखते म्हणजे कमजोर आहे, मग तिला ताकद द्या, वजनं उचला. ताकद आणि दम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कमरेला बहुतेक वेळ लागतो तो दम. दहीहंडी आठवा. वरच्या थरावरचा पोरगा चपळ लागतो. पण खालच्या थरातल्या गोविंदाकडे बघा. त्याने एकदा जोर लावून भागत नाही. वर थर चढत असताना, हलत असताना, हंडी फुटेपर्यंत त्याला तसंच उभं राहायचं असतं. क्षणभर जरी त्याचा दम सुटला तरी सगळा मनोरा खाली. कमरेच्या स्नायूंचं काम खालच्या थरातल्या गोविंदाचं आहे. रोजच्या उठण्या-बसण्यात कणा स्थिर ठेवायला त्यांच्या कमाल ताकदीचा फार थोडा भाग पुरतो, दहा टक्क्यांच्या आसपास. पण तो दिवसभर द्यावा लागतो. निसर्गानेही त्यांची घडण तशीच केली आहे: पाठीच्या या स्नायूंत हळू आकुंचन पावणारे, उशिरा थकणारे तंतू जास्त असतात. ते धावपटूच्या मांडीसारखे नाहीत, वारकऱ्याच्या पायांसारखे आहेत.

या दमाचं माप काढायची एक साधी चाचणी आहे. रुग्णाला टेबलावर पालथं झोपवायचं, कमरेपासून खालचा भाग टेबलाला पट्ट्यांनी बांधायचा, कमरेवरचा भाग टेबलाबाहेर अधांतरी. हात छातीवर दुमडून धड आडवं, जमिनीला समांतर धरून ठेवायचं. किती सेकंद टिकतो ते घड्याळावर मोजायचं, आणि २४० सेकंदांना थांबायचं. डेन्मार्कच्या फिन बिअरिंग-सोरेनसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोपनहेगनजवळच्या ग्लोस्ट्रुप गावातल्या ९२८ माणसांवर ती करून बघितली. सगळे तीस, चाळीस, पन्नास किंवा साठ वर्षांचे. नंतर एका वर्षाने कुणाची कंबर दुखली याची नोंद घेतली. ज्या पुरुषांच्या पाठीत जास्त वेळ धरून ठेवायचा दम होता, त्यांना पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी निघालं. आणखी एक गोष्ट निघाली, ती ऐकून मी थबकले: ज्या पुरुषांची कंबर जास्त लवचीक होती त्यांना दुखण्याचा धोका जास्त होता. पायाच्या अंगठ्याला हात लागतो म्हणून कंबर चांगली, हे गणित आपण लहानपणापासून शिकलो ते तितकंसं बरोबर नाही. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत या चाचणीने इतकं ठळक भाकीत केलं नाही, हेही सांगायला हवं. पण फिजिओथेरपिस्ट आजही तिचा उपयोग करतात. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९९ मध्ये निरोगी तरुणांवर तशीच मोजणी केली, तेव्हा पुरुष सरासरी १४६ सेकंद टिकले आणि स्त्रिया १८९ सेकंद. लेडीज डब्यात उभ्या राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हा आकडा मी मुद्दाम सांगते.

ही चाचणी घरी पलंगावर करून बघू नका. दुखऱ्या कमरेला ती जड जाते.

दम वाढवायचा कसा, यातला महत्त्वाचा आकडा दहा आहे. दहा सेकंद. स्नायू आवळला की त्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि ताज्या रक्ताबरोबर येणारा प्राणवायू कमी पडू लागतो. पाठीच्या स्नायूंत तर अगदी हलक्या आवळण्यानेही हे सुरू होतं. चौथ्या सीटवरच्या माणसाला तासाभराने जी कळ मारते तिच्यात याचा मोठा वाटा आहे: स्नायू थोडाच आवळलेला असतो, पण सुटतच नाही. म्हणून व्यायामात मिनिटभर थरथरत धरून ठेवण्यापेक्षा दहा सेकंद धरायचं, दोन-तीन सेकंद सोडायचं, पुन्हा दहा सेकंद. रक्त येत-जात राहतं, स्नायू दमून वेडावाकडा होत नाही आणि कामाचा एकूण वेळ वाढत जातो. दम वाढवायचा तर फेऱ्या वाढवा, धरून ठेवण्याचा वेळ वाढवू नका.

मला पहिल्यांदा जो व्यायाम शिकवला त्याला फिजिओथेरपिस्ट 'बर्ड डॉग' म्हणतात. मी घरात त्याला घोडा म्हणते, कारण मुलाला पाठीवर घेऊन बाप घोडा होतो तशीच सुरुवात आहे. चटईवर गुडघे आणि तळहात टेका. तळहात खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे नितंबांच्या खाली. कमरेला उभं असताना जेवढा नैसर्गिक खळगा असतो तेवढाच ठेवा, पाठ वर फुगवू नका, खाली पाडू नका. आता पोट हलकंसं आवळा. पोट आत ओढायचं नाही. कुणी गमतीने पोटात बोट खुपसणार म्हटल्यावर ते जसं आपोआप घट्ट होतं, तेवढंच. 'कंबर कसणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार इथे शब्दशः लागू आहे. श्वास रोखायचा नाही, बोलता आलं पाहिजे. मग उजवा पाय मागे सरळ सरकवत न्या आणि डावा हात पुढे. पाय कमरेच्या उंचीच्या वर जाता कामा नये, वर गेला की कंबर पिळते आणि सगळा फायदा जातो. टाचेने मागच्या भिंतीला ढकलतोय असं समजा, पुढच्या हाताची मूठ वळा. मनात दहा मोजा. मग हात आणि गुडघा जमिनीवरून हलकेच झाडू मारल्यासारखे परत आणा आणि न थांबता पुन्हा न्या. असं सहा वेळा, मग बाजू बदलून सहा वेळा. थोडी विश्रांती, मग दोन्ही बाजूंनी चार-चार. शेवटी दोन-दोन. सहा, चार, दोन असा उतरता क्रम, म्हणजे दम संपत आल्यावर चुकीच्या ठेवणीत फेऱ्या होत नाहीत.

ठेवण बरोबर आहे का हे कळायला मला फुलपात्राने मदत केली. कमरेच्या खळग्यावर अर्धं पाणी भरलेलं स्टीलचं फुलपात्र ठेवायचं. पहिल्या आठवड्यात पाय उचलला की ते कलंडायचं, आणि पाठीवर गार पाणी सांडलं की आपली कंबर कुठल्या बाजूला वळते ते चटकन कळतं. माझी डावीकडे वळत होती, आणि बादली सरकवताना चमकही डावीकडेच भरली होती. ज्यांना हात आणि पाय दोन्ही जमत नाहीत त्यांनी आधी फक्त पाय न्यावा, हात टेकलेलेच ठेवावे. गुडघे दुखत असतील तर खाली दुमडलेली सतरंजी घ्यावी.

दुसरा व्यायाम कुशीवरचा. एका कुशीवर आडवं व्हा, खालचं कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले. कोपर आणि गुडघ्यावर भार घेऊन नितंब उचला, मान ते गुडघा सरळ रेषा झाली पाहिजे. दहा मोजा, खाली या. यात कुशीतला तो चौकोनी स्नायू कामाला लागतो आणि कण्यावर बोजा कमी पडतो. खांदा दुखत असेल तर हाच व्यायाम उभ्याने, भिंतीला कोपर टेकून करता येतो. तिसरा पोटाचा: उताणं झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळहात कमरेच्या खळग्याखाली, आणि डोकं-खांदे जेमतेम उशीवरून उचलल्याइतके उचला. उठून बसायचं नाही. उताण्यावरून उठून बसायच्या बैठका शाळेत आपल्याकडून करून घेत, दुखऱ्या कमरेने त्या टाळाव्यात. हे तीन मिळून मॅकगिल यांची प्रसिद्ध त्रयी. त्याआधी मार्जारासन, म्हणजे घोड्याच्याच स्थितीत पाठ हळूच वर-खाली करणं, सहा-सात वेळा, ताण न देता. त्याने कणा मोकळा होतो. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत, मुलं झोपलेली असताना, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत हे होतं, हे मी करून सांगते आहे.

आपल्या परंपरेत याच जातीचे व्यायाम नाहीत असं नाही. आपल्याच लाइनवर कर्जतचा घाट चढून गेलं की लोणावळ्याला कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ मध्ये स्थापन केलं आणि आसनं करताना शरीरात नेमकं काय होतं हे क्ष-किरण आणि उपकरणांनी तपासायला सुरुवात केली. भुजंगासन आणि शलभासन ही दोन्ही पाठीच्या स्नायूंचीच आसनं. अर्धशलभासन, म्हणजे पालथं झोपून एकेक पाय थोडा उचलणं, हे कमरेचा दम वाढवायला चांगलं आहे. मात्र पोटावर झोपून दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम उचलायचे, ज्याला काही ठिकाणी विपरीत नौकासन म्हणतात, त्यात कमरेच्या मणक्यांवर सहाशे किलोच्या आसपास दाब येतो असं मॅकगिल यांच्या मोजमापात दिसलं. घोड्यात त्याच्या निम्म्याच्या जवळपास. निरोगी, सराव असलेल्या शरीराला ते सोसतं. नुकती उसण भरून गेलेल्या कमरेने त्याच्या वाटेला जाऊ नये. सूर्यनमस्काराबद्दलही मला हेच वाटतं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याचा प्रसार घरोघरी केला, तो सर्वांगाचा उत्तम व्यायाम आहे, पण कंबर दुखरी असेपर्यंत त्यातलं खाली वाकणं थांबवावं आणि पहाटे उठल्या उठल्या तर नक्कीच.

पहाटेचं कारण वेगळं सांगायला हवं, कारण आमच्या भागात ते रोज घडतं. मणक्यांमधल्या चकत्या स्पंजासारख्या असतात. रात्री आडवं झाल्यावर त्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात हा ताण सगळ्यात जास्त. अमेरिकेतले स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ मध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या माणसांना पहाटे वाकणं टाळायला शिकवलं, आणि तेवढ्यानेच त्यांचं दुखणं कमी झालं. इकडे उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरात पाणी यायची वेळ कित्येक घरांत नेमकी हीच असते. माणूस अंथरुणातून उठतो तो थेट वाकून हंडा-बादली उचलायला. माझी चमक याच वेळेची होती. ड्रम आणि बादल्या रात्रीच स्टुलावर किंवा ओट्यावर मांडून ठेवा, नळाला लांब पाइप लावा, भरलेली बादली उचलायच्याऐवजी अर्ध्या अर्ध्या दोन करा आणि गुडघ्यात वाकून अंगाजवळ धरा. व्यायामही उठल्यावर तासाभराने करा. पाच-दहाची गाडी असेल तर संध्याकाळी.

गाडीतल्या बसण्यालाही असाच एक नियम आहे. पोक काढून बराच वेळ बसलं की पाठीचे स्नायू हळूहळू गप्प होतात आणि भार मणक्यांच्या बंधांवर जातो. बंध रबरासारखे लगेच आखडत नाहीत. वीस मिनिटं पूर्ण वाकून बसलेल्या माणसांची कंबर अर्ध्या तासानेही पूर्ण मूळपदावर येत नाही, असं मोजलेलं आहे. म्हणून स्टेशन आलं की ताडकन उठून, वाकून, फळीखाली सरकवलेली जड पिशवी ओढणं सगळ्यात वाईट. आधीच्या स्टेशनलाच उभं राहावं, हात वर करून फळीला धरावं, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत, मग सामानाला हात लावावा. विठ्ठलवाडी गेली की उल्हासनगरच्या प्रवाशाने उठावं. बदलापूरकराला अंबरनाथनंतर आठ किलोमीटर मिळतात, तेवढ्यात कंबर पुरेशी सावरते. फोर्थ सीट मिळाली असेल तर निम्म्या वाटेत शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल करावी. आमच्या ग्रुपमध्ये ठाणे आलं की उठायचं असं आम्ही ठरवून टाकलं होतं, आणि कुणीही कधी कुरकुर केली नाही.

आणि चालणं. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. नुकतीच कंबरदुखीतून उठलेली ७०१ माणसं, त्यांतल्या निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं. न चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला निम्म्या लोकांच्या बाबतीत ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांच्या बाबतीत २०८. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहण्यापेक्षा त्याच वीस मिनिटांत घर गाठता येतं, असं अनेकांचं घर असतं. हात मोकळे ठेवून, बॅग पाठीला लावून चालावं.

कमरेपेक्षाही भीती जास्त दुखवते, असं मला गेल्या काही वर्षांत वाटू लागलं आहे. एमआरआयच्या कागदावर 'डिस्क बल्ज' वाचलं की माणूस वाकायचं, उचलायचं, हसायचंही थांबवतो. मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात चाळिशीतल्या निम्म्या माणसांच्या चकत्या अशा फुगलेल्या निघाल्या. केस पांढरे होतात तसाच तो बराचसा वयाचा भाग आहे. स्टेशनबाहेरच्या दुकानांत लटकणारे कमरेचे पट्टे लोक वर्षानुवर्षं बांधतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीला असे पट्टे सरसकट वापरू नयेत म्हटलं आहे, आणि व्यायामाची शिफारस केली आहे. व्यायामांच्या २४९ चाचण्यांचा आढावा २०२१ मध्ये निघाला, त्याचंही तात्पर्य असं की जुन्या कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा व्यायाम बरा. घोडाच का, दुसरं काही का नाही, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: जो तुम्ही रोज कराल तो. मला घोडा जमला, कारण त्याला यंत्र लागत नाही, फी लागत नाही आणि जागा चटईएवढी पुरते.

काही दुखणी मात्र व्यायामाने झाकायची नसतात. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लटकं पडायला लागलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यावा, आपल्याकडे तो आजही आढळतो. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कॅन्सर होऊन गेलेल्याचं दुखणं, पायात सणकत जाणारी आणि वाढत जाणारी कळ, हे सगळं आधी डॉक्टरांना दाखवावं. व्यायाम करताना कमरेत ओढल्यासारखं, दमल्यासारखं वाटलं तर चालतं. टोचणारी कळ पायात उतरू लागली तर तिथेच थांबायचं.

माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूधवाल्याच्या खाड्यांच्या खाली मी अजून रोज ६-४-२ लिहिते. पहिल्या महिन्यात ३-२-१ लिहिलेलं आहे, मधे चार रिकामे चौकोन आहेत, गणपतीतले. फुलपात्रातलं पाणी पहिल्यांदा सांडलं नाही त्या दिवसाच्या चौकोनात मी एक छोटा गोल काढला होता. दुसऱ्या उसणेनंतर अकरा आठवड्यांनी.